पाच खिशांचा एप्रन

माणसाच्या आत काय चाललं आहे हे पाहण्याचा अधिकार हजारो वर्षं फक्त ईश्वराकडे होता. आता तो बदलापूर पूर्वेला, झेरॉक्सच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर मिळतो. दुपारी एक ते पाच बंद असतो.

तिथे मी माझ्या भाचीला दात दाखवायला नेलं, असं म्हणायला मला आवडेल. प्रत्यक्षात तिला तिच्या सासऱ्यांनी नेलं आणि मी बरोबर होतो. या दोन गोष्टींतला फरक मुलीकडच्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. भाचीची आई, म्हणजे माझी बहीण, सोलापूरला असते. त्यामुळे भाचीचं जवळचं माहेर म्हणजे अंबरनाथच्या बुवापाड्यातल्या माझ्या दोन खोल्या, आणि माहेरची माणसं म्हणजे मी. लग्नात मामाने मुलीला बोहल्यापर्यंत आणायचं असतं. त्यानंतर मामाने बोलायचं नसतं. मी चार वर्षं हे नीट पाळलं होतं.

भाचीला पाचवा महिना होता आणि उजवीकडे खाली दाढ ठणकत होती. चार दिवस ती पेजेवर होती. पोटात वाढणाऱ्या जिवाला सगळं घर बदाम खाऊ घालायला टपलेलं, आणि हिला भाताचं शीत चावता येत नव्हतं.

दातांची डॉक्टर तिशीची, बारीक, कमी बोलणारी बाई होती. तिने आरसा घालून पाहिलं, दाढा वाजवल्या, थंड हवा मारली.

"शेजारी शेजारी दोन दाढा आहेत," ती म्हणाली. "मागचीवर काळी रेघ दिसतेय. पुढचीत जुनी चांदी भरलेली आहे. दोन्ही वाजवल्या की तुम्हाला दुखतंय. चांदीच्या खाली काय झालंय ते मला वरून दिसत नाही. तिथला एक छोटा एक्स-रे काढते, म्हणजे कळेल नक्की कोणती."

सासरे खुर्चीतून उठले. ते उठतात तेव्हा आता राष्ट्रगीत सुरू होणार असं वाटतं.

"डॉक्टर," ते म्हणाले, "सूनबाई गरोदर आहे."

"हो काका. म्हणूनच लवकर बघायला हवं. आत पू असेल तर तो तसाच ठेवणं बाळाला जास्त वाईट."

"रेडिएशन आहे ते."

"आहे. अगदी थोडं. जमिनीतून, आभाळातून, आपण खातो-पितो त्यातून दिवसाभरात आपल्याला जेवढं मिळतंच, साधारण तेवढं. आणि झोत गालावर असतो, पोटावर नाही."

"एवढं सेफ आहे," सासरे म्हणाले आणि पुढच्या वाक्याआधी त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण त्यांना साक्षीदार लागतो, "तर मग बटण दाबायच्या वेळेला तुम्ही दाराबाहेर का पळता?"

"कारण यांचा फोटो वर्षा-दोन वर्षांतून एकदा आणि माझे दिवसाला दहा," ती म्हणाली. "मेडिकलवाला गिऱ्हाइकांच्या सगळ्या गोळ्या रोज एकेक खाऊन बघत नाही ना?"

भाची दुखत्या गालावर हात ठेवून हसली. तिथेच सगळं बिघडलं. सासऱ्यांना उत्तर मिळालेलं चालतं, पण त्यावर सून हसलेली चालत नाही. पाच मिनिटांत आम्ही जिन्याखाली झेरॉक्सच्या दुकानासमोर उभे होतो.

"मामासाहेब," ते मला म्हणाले, "मी तीस वर्षं रेडिएशनमध्ये काढलीयेत."

हे वाक्य त्यांच्या घरात देवघराच्या खालोखाल पूज्य आहे. ते अंबरनाथला एका मोठ्या कारखान्यात होते. तिथे ओतीव भागांना आतून चीर गेली आहे का ते एक्स-रे काढून तपासत, हे खरं आहे. त्या खोलीत जायला ठरावीक माणसांनाच परवानगी होती, हेही खरं. सासरे शेजारच्या स्टोअरमध्ये होते. हातमोजे, साबण आणि चिंध्या यांची नोंद ठेवत. त्या खोलीतली माणसं साबण घ्यायला त्यांच्या खिडकीशी येत, आणि तेवढ्या संपर्कावर त्यांचं अणुविज्ञान उभं आहे. हे मला त्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्याने एका बारशाला, दुसऱ्या गुलाबजामनंतर सांगितलं होतं. मी ते कधी वापरलं नाही. मुलीकडचा माणूस.

पण विज्ञानाची भीती त्यांना सरसकट नव्हती. त्यांच्या दिवाणखान्यात सोफ्यामागे एक मोठी पिवळी पिशवी आहे. तिच्यात त्यांच्या गुडघ्यांचे, छातीचे, मानेचे आणि कमरेचे फोटो आहेत, शिवाय डोक्याच्या सीटी स्कॅनची एक भलीमोठी फिल्म. तो स्कॅन त्यांनी एका सकाळी चक्कर आल्यासारखं वाटलं म्हणून हट्ट करून काढून घेतला होता. पाहुणे आले की चहाबरोबर पिशवी निघते. ते फिल्म खिडकीशी धरतात आणि म्हणतात, "बघा, काही नाही." त्यांच्या डोक्याच्या फोटोत काही नाही, याबद्दल मी त्यांच्याशी कधीही वाद घातलेला नाही. त्या एका स्कॅनमध्ये दातांचे किती फोटो बसले असते, हा हिशोब त्यांनी केला नसावा. मोबाइलच्या पाठीवर मात्र त्यांनी सोनेरी चकती चिकटवली आहे. ती लहरी शोषून घेते. रेंज येत नाही अशी त्यांची तक्रार असते.

पुढचे तीन दिवस लवंग, मिठाचं पाणी आणि सल्ले. जावई, म्हणजे भाचीचा नवरा, ऐरोलीला नोकरी करतो. सज्जन मुलगा, पण त्याचं मत बाबांना विचारून ठरतं. मी रोज संध्याकाळी बदलापूरला जाऊन यायचो. भाची खिडकीत बसलेली असायची. "मामा, मला कोणती दुखतेय तेच कळत नाही रे," ती म्हणायची. "बोट लावलं की दोन्ही दुखतात. नुसता सगळा जबडाच दुखतो."

मी म्हणायचो, "परत त्या डॉक्टरकडे जाऊ या."

ती बाहेरच्या खोलीकडे डोळे करायची. बाहेरच्या खोलीत तीस वर्षं बसलेली असायची.

चौथ्या दिवशी सासऱ्यांनी तोडगा काढला. उल्हासनगर कॅम्प एकला एक जुना दातवाला होता. "डॉक्टर आहे," ते म्हणाले, "पण मशिनवाला नाही. अनुभवाचा." म्हणजे पंधरा मिनिटांत निदान, पंधरा मिनिटांत इलाज, फोटोबिटो काही नाही. पूर्वीच्या काळी कुठे होते एक्स-रे? असा प्रश्न त्यांनी रिक्षात दोनदा विचारला. पूर्वीच्या काळी लोक दातांनी मरायचेही, हे मी रिक्षाच्या आवाजात म्हणालो.

दवाखाना कापडाच्या दोन दुकानांच्या मधोमध होता. डॉक्टर पांढऱ्या मिशांचा, प्रसन्न गृहस्थ. त्याने भाचीला तोंड उघडायला लावलं आणि आपल्याला सगळं आधीच माहीत असल्यासारखा हसला.

"कौनसा दुखता है, बेटा?"

भाचीने बोट नेलं, थांबवलं, पुन्हा नेलं. "दोन्ही. ये... नहीं, शायद ये पीछेवाला."

"काला है ना," डॉक्टर म्हणाला. "पीछेवाला."

सासरेही वाकून पाहत होते. "काळी रेघ आहे स्पष्ट," त्यांनी दुजोरा दिला. "मामासाहेब, बघता का?"

मी पाहिलं. काळी रेघ होती. पुढच्या दाढेतली चांदी गप्प, सभ्य, व्यवस्थित बसलेली होती. त्या तोंडात गुन्हेगार निवडायचा तर कुणीही काळी रेघवालाच निवडला असता. मी "एकदा फोटो काढला तर" एवढं म्हणालो. डॉक्टरने माझ्याकडे दयेने पाहिलं. चाळीस वर्षं बोटांनी बघतोय, असं म्हणून त्याने स्वतःची बोटं मला दाखवली. बोटं चांगली होती.

इंजेक्शन, पक्कड, कापूस. दाढ निघाली. ती छोट्या स्टीलच्या ताटलीत पडली तेव्हा मी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. काळी रेघ वरच्या वर होती, चहाच्या कपाला डाग राहतो तशी. बाकी दाढ तळापर्यंत स्वच्छ, पिवळसर पांढरी, मुळं मजबूत. पन्नास वर्षं आरामात चालली असती. मी तसं म्हणालो नाही. सासऱ्यांनी ती कागदात बांधून घेतली. "मूळ गेलं," ते म्हणाले. "आता दुखायचा प्रश्नच नाही. बघा, शून्य रेडिएशन."

संध्याकाळी बधिरपणा उतरला आणि दुखणं परत आलं. दुसऱ्या दिवशी ते वाढलं. तिसऱ्या दिवशी सकाळी भाचीचा उजवा गाल सुजला होता आणि अंगात ताप होता. ती फोनवर नीट बोलूही शकत नव्हती. "मामा, ये," एवढंच म्हणाली.

मी गेलो. घरात सभा भरली होती. जावई रजा घेऊन बसला होता आणि बाबांकडे पाहत होता. बाबा छताकडे पाहत होते.

"आता एक्स-रे काढायलाच हवा," मी म्हणालो. चार वर्षांतलं माझं त्या घरातलं हे सगळ्यात मोठं वाक्य होतं.

"काढू," सासरे म्हणाले. मी चकित झालो. "मी विचार केलाय. काढायचा, पण आपल्या संरक्षणात. फोटोच्या वेळी अंगावर घालायचा त्या बाईकडचा शिशाचा एप्रन मी बघितलाय. कोपऱ्याला फाटलेला आहे. शिवाय किती जणांनी घातलेला. आपण आपला करून घेऊ. माझ्या पुतण्याचं युनिट आहे ना."

पुतण्या उल्हासनगर कॅम्प पाचला जीन्स शिवून घेतो. एका गाळ्यात दहा मशिनी, वर पोटमाळा, सगळीकडे निळी धूळ. सासऱ्यांची योजना अशी होती: जाड जीन्सच्या कापडाचे दोन थर, त्यात कप्पे, कप्प्यांत शिसं. शिसं कुठून? बदलापुरात मासे पकडायच्या जाळ्यांचं दुकान आहे. जाळं पाण्यात बुडावं म्हणून त्याला लावायच्या शिशाच्या गोळ्या तिथे मिळतात. त्यांनी त्या सकाळीच आणून ठेवल्या होत्या. दोन पिशव्या.

"व्याहीबुवा," मी म्हणालो, "गोळ्यांच्या मध्ये फटी राहतील."

"किरण सरळ जातात, मामासाहेब. वेडेवाकडे शिरत नाहीत."

सरळ जाणारे किरण फटीतून सरळ का जाणार नाहीत, हे विचारायला भाचीच्या गालाकडे पाहिल्यावर मला वेळ नव्हता. वाद घालण्यापेक्षा एप्रन शिवून होणं लवकर होईल असा माझा अंदाज होता. तो अंदाज मला आजही लाज आणतो. तिला तिथेच उचलून रिक्षात घालायला हवं होतं. त्याऐवजी मी शिशाची एक पिशवी उचलली.

कॅम्प पाचच्या गाळ्यात पुतण्या नव्हता. टेलरमास्तर होता. त्याने गोळ्या हातात घेतल्या, कागदावरचं चित्र पाहिलं, आमच्याकडे पाहिलं.

"अंकल, ये पॅन्ट है के बोरी?"

"एप्रन," सासरे म्हणाले. "वैज्ञानिक एप्रन."

"किसके नाप का?"

"सूनबाई. पाचवा महिना."

"तो इलास्टिक डालूँ?" मास्तर गंभीर होता. पोट वाढणार, हे त्याच्या धंद्यात महत्त्वाचं. "और वॉश कौनसा? स्टोन वॉश में ये गोली मशीन फाड देगी."

"वॉश नको," मी म्हणालो. "फक्त लवकर."

त्याने लवकर केलं. त्या संपूर्ण प्रकरणात आपलं काम येणारा माणूस, त्या डॉक्टरबाई सोडल्या तर, तो एकच. दीड तासात एप्रन झाला. दुहेरी शिलाई, तांब्याचे रिव्हेट. सवयीने त्याने पाच खिसे लावले होते, घड्याळाचा छोटा खिसाही. मागे चामड्याच्या रंगाचं लेबल, त्यावर परदेशातल्या एका शहराचं नाव, त्यात एक अक्षर जास्त. मी उचलून पाहिला. सिमेंटच्या अर्ध्या गोणीइतका जड होता. तो एका गरोदर बाईच्या पोटावर ठेवायचा होता, तिला सुरक्षित ठेवण्यासाठी.

बदलापूरला परत येईपर्यंत साडेतीन वाजले. वाटेत सासरे म्हणाले की पाचला दवाखाना उघडतो, तेव्हा चहा घेऊन निघू.

भाची दारात उभी होती. चप्पल घालून. सूज आता डोळ्याखालपर्यंत आली होती आणि शब्द दातांमधून घरंगळत होते.

"मामा, रिक्षा सोडू नको. मी डॉक्टरबाईंना फोन केलाय. त्या लवकर उघडतायत."

"एप्रन घालून बघ आधी," सासरे म्हणाले.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही घाला."

असं त्या घरात आजवर कुणी बोललं नव्हतं. जावई पहिल्यांदा बाबांकडे न पाहता उठला आणि तिच्या मागोमाग रिक्षात बसला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, अर्ध्या सीटवर. सासरे दुसऱ्या रिक्षाने आले. एप्रनला वेगळी रिक्षा लागलीच असती.

डॉक्टरबाईंनी गाल पाहिला, खळगा पाहिला, आणि तो कुणी केला हे विचारलं नाही. सासऱ्यांनी एप्रन पुढे केला तेव्हा त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, आणि वजनाने तो एकदम खाली आला. त्यांनी तो जमिनीवर ठेवला.

"पोटावर एवढं वजन नको," त्या म्हणाल्या. "माझ्याकडचा हलका आहे. तोही खरं तर आता लागतच नाही म्हणतात. झोतच इतका बारीक असतो. पण तुमच्या मनासाठी घालते."

तोंडात बोटाच्या पेराएवढी चपटी पट्टी गेली. पिवळट नळी गालाशी आली. बाई दाराबाहेर गेल्या, सासरेही त्यांच्या आधी गेले. टिक. पापणी लवायलाही जास्त वेळ लागतो. दोन क्षणांनी पडद्यावर दाढ उमटली.

पुढची. चांदीवाली. चांदी पांढरीशुभ्र चमकत होती आणि तिच्याखाली सगळं पोखरलेलं. मुळाच्या टोकाशी काळा डाग, वाटाण्याएवढा. तिच्या मागे एक रिकामी जागा.

जावई पडद्याकडे पाहत होता, मग त्या रिकाम्या जागेकडे.

"हीच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "काढायची गरज नाही. आत उघडून पू वाहू देते, मग रूट कॅनल. पोटात बाळ असताना चालतील अशा गोळ्या देते." मग क्षणभर थांबून, कुणाकडेही न पाहता, "फोटो उगाच कुणाचाही काढू नये हे खरंच आहे. पण लागतो तेव्हा लागतो."

त्या संध्याकाळी भाचीने वरणभात खाल्ला. डावीकडून, सावकाश, पण सगळा. मी समोर बसून पाहत होतो. माझ्या आयुष्यात मी बरंच काही वाचलं आणि पाहिलं आहे, पण कुणी भात गिळताना इतक्या लक्षपूर्वक पाहिल्याचं आठवत नाही. ताप दोन दिवसांत उतरला. रूट कॅनलला आणखी तीन खेपा झाल्या. त्यातल्या दोन खेपांना फोटो काढावे लागले, मुळापर्यंत भरलंय का ते पाहायला. सासरे दोन्ही वेळा एप्रन घेऊन आले. तो बाहेरच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसायचा.

"अंगावर नाही घातला तरी हरकत नाही," त्यांनी मला समजावलं. "खोलीच्या आसपास असला की थोडाफार शोषून घेतो."

दिवस भरले तेव्हा मुलगी झाली. वेळेवर, ठणठणीत, घसा फाडून रडणारी. प्रसूतिगृहात सासऱ्यांनी नातीला हातात घेतलं, दुपटं सोडलं आणि आम्हा सगळ्यांना शांत राहायची खूण केली. मग त्यांनी तिची बोटं मोजली. हातांची, पायांची. परत एकदा मोजली. जावयाने विचारलं, बाबा, काय चाललंय. बेरीज संपल्यावर ते माझ्याकडे वळले. डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं, हेही लिहून ठेवायला हवं.

"वीस, मामासाहेब," ते म्हणाले. "एप्रनने काम केलं."

भाची पलंगावरून आमच्याकडे पाहत होती. तिचे दात एकतीस आहेत. ते त्यांनी मोजले नाहीत.